पाववाल्याची अकरा मिनिटं

मशीन चालू असताना वाद घालायचा नाही, हा आमच्या दालमिलमधला नियम मी केलेला आहे. मी तिथला मिस्त्री, रामकिशन. पट्टा फिरतोय, रोलर फिरतोय, तुरीचा धुरळा नाकातोंडात चाललाय, आणि अशात कुणी "पण मिस्त्री, माझं म्हणणं असं हाय" म्हणत उभा राहिला की त्याचं बोट जातं. माझं गेलंय. डाव्या हाताची करंगळी, एकाशी हुज्जत घालता घालता. तेव्हापासून मी उजवा हात वर केला आणि पंजा उघडा धरला की समोरच्यानं तोंड मिटायचं आणि सांगितलेलं काम करायचं. या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. माझ्या पाळीत दुसऱ्या कुणाचं बोट गेलेलं नाही, हे मी छाती ठोकून सांगतो.

तोच हात मी रोज घरीही आणत होतो, हे मात्र मला फार उशिरा कळलं, आणि तेही परक्या माणसाकडून.

माझी लेक लुंबिनी लातुरातल्याच एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. मागच्या वर्षी तिनं जर्मनीला जायचं काढलं. तिकडच्या एका हॉस्पिटलनं मोबाइलवर मुलाखत घेतली आणि तिला घ्यायचं कबूल केलं. अट एकच होती, जूनच्या आत जर्मन भाषेची परीक्षा पास व्हायची. वाचणं, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग, आणि चारही पास व्हायला हवेत. नाहीतर ती जागा दुसरीला.

मला ते पसंत नव्हतं. पण बोलणार कसं? विहारात कार्यक्रम असला आणि माईक हातात आला की मी पोरींच्या शिक्षणावरच बोलतो. मागच्या जयंतीला अर्धा तास बोललो होतो, लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आता स्वतःची पोर शिकून निघाली तर कोणत्या तोंडानं नको म्हणू? म्हणून गप्प बसलो. मनात म्हटलं, भाषा अवघड आहे, आपोआप काय ते होईल.

डॉक्टर-इंजिनियर करणारे क्लास लातुरात गल्लोगल्ली आहेत, पण तिच्या ड्युटीत बसणारा जर्मनचा क्लास आम्हाला सापडला तो नांदेडला. दर रविवारी पहाटेची एसटी धरून लुंबिनी अहमदपूर, लोहा करत नांदेडला जायची आणि दिवस मावळायला परत यायची. शिकवणारे विरूपाक्ष सर मूळचे उदगीरकडचे. आठ वर्षं जर्मनीत नोकरी करून आलेले. त्यांची शिकवायची तऱ्हा वेगळी होती. ते म्हणायचे, शंभर सिनेमे एकेकदा बघू नका, एकच सिनेमा शंभरदा बघा. आणि त्यांनी प्रत्येकाला पेनड्राइव्हमध्ये एकेक सिनेमा घालून दिला. ज्याला जो मिळाला तो त्यानं तोंडपाठ करायचा. नुसतं बोलणं नव्हे, बोलताना मान कशी हलते, भुवई कुठे चढते, तेसुद्धा.

लुंबिनीच्या वाट्याला आला तो एका पाववाल्याचा सिनेमा. त्याचं खरं नाव मला आजही सांगता यायचं नाही, आम्ही घरात त्याला पाववाला म्हणायचो. एका खेड्यात बेकरी, तिथला जाडजूड म्हातारा, त्याची बायको आणि त्याची लेक आने. आनेला जहाजावर स्वयंपाकी म्हणून जायचंय, आणि म्हाताऱ्याला वाटतं की तिनं बेकरी सांभाळावी. एवढीच गोष्ट, पण दोन तास चालते.

मिलमध्ये राहून माझा एक कान गेलेला आहे, त्यामुळे आमचा टीव्ही मोठ्यानंच चालतो. सहा महिने आमच्या सगळ्या गल्लीनं जर्मन ऐकलं. लुंबिनी टीव्हीसमोर उभी राहायची, एक वाक्य ऐकायची, थांबवायची, तसंच म्हणायची, पुन्हा मागे घ्यायची. कधी ती म्हातारी व्हायची, कधी गिऱ्हाईक, कधी पोस्टमन. माझी बायको सरजा भाकरी थापता थापता आतून विचारायची, "आता काय म्हणली गं ती?" मग लुंबिनी सांगायची. शेजारच्या गौरम्मा निलंग्याच्या, निम्मं कानडी बोलतात. त्या दुपारी चहाला यायच्या आणि पाववाल्याचं पीठ मळणं बघत बसायच्या. "इतकं मळून राहिलाय, पण संगं खायला कोरड्यास कुठं हाय याचं?" असं त्या दर वेळी विचारायच्या. सरजाला आणि गौरम्माला एक अक्षर कळत नव्हतं, तरी कोण खोटं बोलतंय हे दोघी बरोबर सांगायच्या.

मला तो पाववाला आवडायचा. सकाळी उठतो, पिठानं पांढरा होतो, कुणाशी जास्त बोलत नाही. मी कोंड्यानं पांढरा होतो, एवढाच फरक. फक्त चाळिसाव्या मिनिटाला एक भाग यायचा, तो मला खपायचा नाही. जेवायच्या टेबलावर आने बापाच्या तोंडाला तोंड देते. बाप एक बोलला की ती दोन बोलते, मध्ये थांबून पाणी पिते आणि पुन्हा बोलते. पहिल्यांदा तो भाग लागला तेव्हा मी जेवत होतो. मी हात वर केला आणि म्हणालो, "हे नको आपल्या घरात. पुढं घे." तिनं पुढं घेतलं. नंतर मला हात वर करावाही लागला नाही. चाळिसावं मिनिट आलं की ती आपणहून रिमोट दाबायची आणि आने जहाजावर चढलेली दिसायची.

जानेवारीत पुण्याला परीक्षा झाली. वाचणं पास, ऐकणं पास, लिहिणं पास. बोलण्यात नापास.

आता खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. त्या दिवशी मिलमधून येताना मी पेढे घेतले असते, पण कशाचे म्हणून सांगणार? लुंबिनी दोन दिवस जेवली नाही. आणि तिला रडताना बघितल्यावर माझा तो आनंद मलाच चोरासारखा वाटायला लागला. मग मी रागावलो, आणि तो राग काढायला माणूस शोधला. सहा महिने पोरगी टीव्हीसमोर घसा फोडते आणि बोलण्यातच नापास होते, म्हणजे मास्तर कुचकामी. पुढच्या रविवारी मी तिच्याबरोबर नांदेडच्या एसटीत बसलो. साडेतीन तास मनातल्या मनात सरांना झापत होतो.

विरूपाक्ष सर वजिराबादमागच्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावर शिकवतात. मी चप्पल काढायच्या आधीच सुरुवात केली, "सर, सहा महिने पोरीनं तुमचा पाववाला घोकला. हे काय फळ दिलंत?"

सर चिडले नाहीत. आधी बसा म्हणाले, मग लुंबिनीकडे वळले. "आत काय झालं ते बाबांना सांगितलंस?"

लुंबिनीनं मानेनंच नाही म्हटलं. सरांनीच सांगितलं. बोलण्याच्या परीक्षेत दोघांना समोरासमोर बसवतात आणि एक विषय देतात. त्यावर दोघांनी वाद घालायचा. एकानं एक बाजू घ्यायची, दुसऱ्यानं ती खोडून काढायची. विषय होता, म्हाताऱ्या आईबापाजवळ मुलांनी राहावं की नाही. समोर कोण, तर त्यांच्याच क्लासमधले निलंग्याचे दयानंद ब्रदर. तेही नर्सच, कामात तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी सीनियर. ते म्हणाले, मुलांनी जवळच राहिलं पाहिजे. आपली लुंबिनी म्हणाली, बरोबर आहे तुमचं. ते म्हणाले, दूर जाणारी मुलं स्वार्थी असतात. ती म्हणाली, बरोबर आहे. तिसऱ्यांदाही बरोबरच आहे. परीक्षक बाईंनी तिला दोनदा संधी दिली, तुमचं स्वतःचं मत काय? ती म्हणाली, दादा म्हणतात तेच.

"दयानंद पास झाले," सर म्हणाले.

"मग त्यात तिचं काय चुकलं? मोठ्या माणसाला उलटून बोलायचं का?" मी म्हणालो.

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग लुंबिनीला म्हणाले, "जेवणाच्या टेबलावरचा भाग म्हण."

तिनं वही उघडून पानं चाळली.

"पहिलं वाक्य तरी म्हण. बाप काय म्हणतो, आने काय म्हणते?"

"तो भाग मी केला न्हाई, सर."

"अख्खा सिनेमा पाठ आणि तेवढाच न्हाई? अगं, तेवढ्यासाठी तर तुला तो सिनेमा दिला होता. वाद कसा घालायचा, समोरच्याला कुठं अडवायचं, पुन्हा आपलं म्हणणं कसं मांडायचं, ते सगळं त्या अकरा मिनिटांत हाय. बाकी तर काय, दोन पाव द्या आन् सुट्टे पैसे हायत का!"

तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. सांगितलं असतं तर सर मलाच बोलले असते, म्हणून तिनं तो दोष स्वतःवर घेतला आणि उभी राहिली. मला तिथं बसवेना. मीच म्हणालो, "सर, ते मी पुढं घ्यायला लावलं होतं."

"का?"

सवयीनं माझा हात वर गेला. पंजा उघडा, बोलणं बंद. सरांनी त्या हाताकडे बघितलं, मग लुंबिनीकडे बघितलं. ती दोन पावलं मागे सरकलेली होती. वर्गात कुणी तिला हात लावत नव्हतं, मारत नव्हतं, तरी ती मागे सरकली होती.

"रामकिशनराव, आता कळलं मला," सर म्हणाले. "तिची जीभ चांगली हाय. तुमच्या हातामुळं ती अडकते. मे महिन्यात पुन्हा एकदा परीक्षा देता येईल. तेवढ्यात तुम्हीच शिकवा तिला."

"मी? मला जर्मन कुठं येतं?"

"तुम्ही मराठीतच बोला. तुम्ही बाप व्हा. तिनं जर्मनमध्ये तुम्हाला खोडायचं. फक्त तिनं मराठी बोलायचं न्हाई, आन् तुम्ही अर्थ विचारायचा न्हाई. वाद मोडतो त्यानं."

परतीच्या एसटीत लुंबिनी खिडकीशी बसली. मी माझ्या हाताकडे बघत होतो. या हातानं दहाबारा जणांची बोटं वाचवली असतील, आणि त्याच हातानं मी घरातल्या पोरीची बोलती बंद केली होती. लाज वाटली. आणि त्याच वेळी आतून एक बारीक आवाज म्हणत होता, राहू दे की असंच, म्हणजे पोरगी कुठं जाणार नाही. तो आवाज माझाच होता, दुसऱ्या कुणाचा नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सुरू केलं. आधी ती अकरा मिनिटं पहिल्यांदाच पूर्ण बघितली. आने बोलतच राहते, पाववाला टेबलावर मूठ आपटतो, ती तरीही बोलते. शेवटी तो काहीच न बोलता उठतो आणि भट्टीकडे वळतो. मला वाटलं, काय माणूस आहे हा, काहीतरी बोल की लेका!

मग आमची पाळी. मी खुर्चीत, ती समोर. मी म्हणायचो, "इथं काय कमी हाय तुला? लातुरात दवाखाने हायत, पगार हाय." ती जर्मनमध्ये सुरू करायची. दुसऱ्या वाक्याला माझा हात वर जायचा आणि ती थांबायची. मी म्हणायचो, "थांबू नको, बोल." ती पुन्हा सुरू करायची, हात पुन्हा वर. मी मुद्दाम करत नव्हतो. आठ दिवस हेच चाललं. शेवटी सरजा आतून आली आणि तिनं माझ्या मांडीवर लसणाची परडी आदळली. "सोला हे. दोन्ही हातांनी सोला. आन् वाद घाला काय घालायचा ते."

तेवढ्यानं जमलं. लसूण सोलताना हात मोकळा राहत नाही. लुंबिनी पहिल्यांदा माझ्यासमोर चार वाक्यं सलग बोलली. मग दहा. मग थांबून पाणी प्यायली आणि पुन्हा बोलली, अगदी आनेसारखी. घरात लसूण इतका साठला की गौरम्माकडे वाटी वाटी जायला लागला.

मी रोज नवं काहीतरी विचारायचो, पण फिरून फिरून एकाच ठिकाणी यायचो, "आमी थकल्यावर आमाला कोण बघील?" सरावासाठी म्हणून विचारायचो खरं, पण विचारताना माझा आवाज सरावाचा राहत नसे. आणि त्याचं उत्तर ती इतर उत्तरांपेक्षा हळू द्यायची. त्या वेळी ती आनेसारखी दिसत नसे. डोळ्यांत पाणी यायचं, तरी बोलणं थांबायचं नाही. ती काय म्हणते हे मला कळत नव्हतं. सरांनी अर्थ विचारायचा नाही म्हणून सांगितलं होतं, आणि ते मला सोयीचं होतं.

मे महिन्यात ती पुण्याला गेली. समोर नाशिकची एक बाई होती, वयानं मोठी, बोलायला तिखट. लुंबिनीनं तिला सुरुवातीलाच अडवलं म्हणे. शंभरपैकी एक्क्याऐंशी. विरूपाक्ष सरांचा फोन आला, "रामकिशनराव, वाद घालायला शिकवलंत हो!" मिलमध्ये मी पेढे वाटले, या वेळी उघड उघड. लोक म्हणाले, मिस्त्री नशीबवान आहेत. मी हसलो. स्वतः मात्र एकही पेढा खाल्ला नाही.

व्हिसा यायला सप्टेंबर उजाडला. निघायच्या तीन दिवस आधी, दुपारची वेळ. खोलीत बॅग उघडी पडलेली. सरजा जवसाची चटणी करत होती, बरोबर द्यायला. तिच्यापुढे लसणाची परडी होती. लुंबिनी स्वेटरच्या घड्या घालत होती. मी दारात उभा राहिलो. काही ठरवून आलो नव्हतो.

"लुंबिनी, जाऊ नको," मी म्हणालो.

तिनं स्वेटर खाली ठेवला. "बाबा, तिकीट झालंय."

"तिकिटाचं मी बघतो. इथं काय कमी हाय तुला? आमी थकल्यावर आमाला कोण बघील?"

हे तोंडातून गेल्यावर माझं मलाच कळलं की हे तेच, पाचशेदा म्हटलेलं. पण आता माझ्या हातात लसूण नव्हता. ती बोलायला लागली तसा माझा हात वर गेला.

ती थांबली नाही. मागेही सरकली नाही. "बाबा, हात खाली घ्या. माझं बोलणं झालं न्हाई अजून."

सव्वीस वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. सरजाचे हात चटणीत थांबले.

"तुमी रोज हेच इचारायचात," लुंबिनी म्हणाली. "मी रोज उत्तर द्यायची. मी काय म्हणून राहिले ते तुमी कधी इचारलं न्हाई."

"सरांनी सांगितलं होतं..."

"परीक्षा झाल्यावर बी न्हाई इचारलं."

खरं होतं ते. मला भीती वाटत होती, म्हणून विचारलं नव्हतं.

"मग आता मराठीत ऐका. मी म्हणायची, मला बी लई भीती वाटती. तुमी आजारी पडला आन् मी तिकडं असले तर काय, हे माझ्या डोस्क्यातून जात न्हाई. पण मी वॉर्डात रोज बघती, बाबा. ज्या लेकींना घरात दाबून ठेवलं, त्या बी बापाला पेज पाजायला येतात. चमचा दातावर आपटत पाजतात. तोंडानं काई म्हणत न्हाईत, पर हातात सगळा राग असतो. म्हातारं गिळतं आन् भिंतीकडं बघतं. तुमच्या हाताला भेऊन मी इथं राहिले, तर मी बी तुम्हाला तशीच पाजीन. तसं पाहिजे का तुम्हाला?"

ती रडत नव्हती. उत्तराची वाट बघत होती, खरोखरच.

माझा हात अजून वरच होता, हे मला तेव्हा दिसलं. मी तो खाली घेतला. पाववाल्यासारखं वळायला माझ्याजवळ भट्टी नव्हती, म्हणून सरजापुढची लसणाची परडी ओढून घेतली आणि खाली बसलो. दोन पाकळ्या सोलल्या. तिसरी सोलायला घेतली.

"गाडी किती वाजताची हाय?" मी विचारलं.

"हैदराबादच्या विमानतळाला जायची? पहाटे साडेपाचची."

"मग चारला उठवतो," मी म्हणालो.